सरांची सुप्रसिद्ध शांतता

विभागप्रमुख कागदाची लांबलचक गुंडाळी काखेत मारून दारात उभे राहिले, तेव्हाच डॉक्टरबाईंनी ओळखलं की आता आपल्या नवऱ्याचं काहीतरी भलं होणार आणि त्याचा ताप आपल्याला होणार. मोकळ्या हातांनी येणारा माणूस परवडतो. चहा पितो आणि वाटेला लागतो. गुंडाळी घेऊन आलेला माणूस टेबल रिकामं करायला लावतो. विभागप्रमुखांनी टेबल रिकामं करायला लावलं, गुंडाळी उलगडली, आणि कागद पुन्हा मिटू नये म्हणून कोपऱ्यांवर ठेवायला काहीतरी जड मागितलं. एका कोपऱ्यावर साखरेचा डबा गेला, दुसऱ्यावर इस्त्री, तिसऱ्यावर डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला प्लास्टरचा जबडा. चौथ्या कोपऱ्यावर विभागप्रमुखांनी स्वतःचा हात ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

तो नकाशा होता. विद्यापीठाच्या संगीत विभागात नवी सराव-खोली बांधून झाली होती आणि सरांच्या गौरवार्थ तिला नाव द्यायचं ठरलं होतं. नाव होतं ‘शांतता कक्ष’.

“सरावाच्या खोलीला शांतता कक्ष?” डॉक्टरबाई म्हणाल्या. “म्हणजे मुलांनी आत जाऊन गप्प बसायचं का?”

“तेच तर त्यातलं मर्म आहे, मॅडम,” विभागप्रमुख म्हणाले. आपल्याला न कळलेल्या गोष्टीला मर्म म्हणायची त्यांना जुनी सवय होती. “दारावर पितळी पाटी लावणार. आणि समारंभात आम्ही माजी विद्यार्थी सरांची ती गाजलेली मैफल पुन्हा सादर करणार. जशीच्या तशी. शांततेसकट.”

खिडकीपाशी बसलेले सर ‘हं’ म्हणाले आणि उठून आतल्या खोलीत गेले. सर भारावून गेले आहेत असं विभागप्रमुखांना वाटलं. त्या घरात ‘हं’चा अर्थ ‘नाही’ असा होतो, हे डॉक्टरबाईंना लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं.

सरांनी उभी हयात त्या विद्यापीठात जॅझ शिकवण्यात घालवली. विद्यापीठाला जॅझचं प्रेम होतं अशातला भाग नाही. कुठल्याशा पाहुण्याने एक सॅक्सोफोन भेट दिला होता, तो कपाटात मावेना, तेव्हा तो वाजवणारा माणूस नेमून टाकावा असं कुणाच्या तरी मनात आलं. सर आले, तळघरातली एक ओलसर खोली त्यांना मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. त्यांच्या हाताखालून मुलं गेली, त्यांची मुलंही गेली. त्यातली काही वादक झाली, बरीचशी शहाणी होऊन दुसऱ्या धंद्याला लागली, आणि ज्यांना दोन्ही जमलं नाही ते विभागप्रमुख झाले.

एवढ्या वर्षांतून लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर एक मैफल. सर तेव्हा ऐन उमेदीत होते. विद्यापीठाच्या सभागृहात सर आणि त्यांचे तीन विद्यार्थी, पियानो, डबल बास आणि ड्रम्स, असे चौघे वाजवत होते आणि मैफलीचं ध्वनिमुद्रण चालू होतं. सरांचा सोलो रंगात आला होता. आणि अगदी शिगेला पोहोचल्यावर सर एकाएकी थांबले. त्यांनी मान खाली घातली. त्यांच्यामागोमाग बाकीचे तिघेही थांबले. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मग कुठूनतरी लांबून यावा तसा सॅक्सोफोनचा सूर आला, मऊ, हवेने भरलेला, जरासा फाटका, आणि लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

तीच ती सुप्रसिद्ध शांतता. तिच्यावर लेख आले. चर्चासत्रं झाली. सरांनी दिवंगत गुरूला ती मूक श्रद्धांजली वाहिली असं एकाने सिद्ध केलं. सरांचे गुरू तेव्हा ठणठणीत होते आणि पहिल्या रांगेत बसून पेंगत होते, ही अडचण त्याने तळटीपेत निस्तरली. एका मुलीने त्या शांततेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली. ती पेढे द्यावेत तशा उत्साहाने प्रबंधाची प्रत द्यायला घरी आली, तेव्हा घरात दोन डॉक्टर समोरासमोर बसल्या होत्या. एकीने त्या शांततेचं कारण शोधून काढलं होतं आणि दुसरीने ते स्वतःच्या हातांनी बसवलं होतं.

कारण ती शांतता म्हणजे दाताची कॅप होती.

झालं असं होतं की, मैफलीच्या आधी विभागाच्या काचेच्या दारावर आपटून सरांच्या वरच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. डॉक्टरबाईंनी तेव्हा नुकताच स्वतःचा दवाखाना थाटला होता. त्यांनी दात घासून नीट केला आणि पक्की कॅप तयार होऊन येईपर्यंत कच्च्या सिमेंटवर तात्पुरती कॅप बसवून दिली. बजावून सांगितलं की पक्की येईपर्यंत सॅक्सोफोनला तोंड लावायचं नाही. वाजवताना माउथपीसवर नेमके तेच दात टेकतात. सर म्हणाले, “हं.” आणि गेले वाजवायला. सोलोच्या ऐन भरात कॅप सुटली आणि जिभेवर येऊन पडली. आता ती गिळली जाते की काय म्हणून सर थांबले, मान खाली घातली, कॅप तळहातावर काढली आणि खिशात टाकली. उरलेली मैफल त्यांनी उघड्या दाताला हवा झोंबत असताना, दात न टेकवता, नुसत्या ओठांवर वाजवली. त्यामुळे सूर मऊ आला. फाटका पण त्यामुळेच आला.

पुढे तो सूर काढायचा म्हणून पोरांच्या पिढ्याच्या पिढ्या दात वर उचलून वाजवू लागल्या आणि ओठ सोलून घेऊन डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात येऊ लागल्या. डॉक्टरबाई त्यांना मलम देत आणि तोंडातून अवाक्षर काढत नसत.

मैफलीच्या रात्रीच सरांना खरं सांगून टाकायचं होतं. पण माणसं रडत रडत हात धरायला येत होती, आणि दुसरं म्हणजे, नव्या दवाखान्याची पाटी अजून रंगाचा वास मारत होती. जिच्या नवऱ्याचाच दात भर सभेत गळून पडतो, तिच्यासमोर दुसरं कोण तोंड उघडणार? सर गप्प राहिले. मग गप्प राहण्याचीच सवय झाली. घरात मात्र या विषयाला कधी खंड पडला नाही. “तुझं सिमेंट कच्चं,” सर म्हणायचे. “तुमचं चावणं पक्कं,” डॉक्टरबाई म्हणायच्या. दोघांनीही आपापली बाजू सोडली नाही आणि संसार झाला.

विभागप्रमुख नकाशा गुंडाळून गेले, तेव्हा डॉक्टरबाई आत गेल्या. सर पलंगाच्या कडेला बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते.

“मी सांगणार आहे,” सर म्हणाले.

“काय सांगणार आहात?”

“दाताचं. स्टेजवरून. नाहीतर मी येतच नाही.”

“सांगा की. माझा दवाखाना आता भाचीकडे गेलाय. तिचे रुग्ण माझ्या सिमेंटवर विसंबून नाहीत.”

“मला त्या शांततेचा सत्कार नको.” सरांचा आवाज चढला नाही, हेच डॉक्टरबाईंना आवडलं नाही. “तुला त्या रेकॉर्डवर काय ऐकू येतं ते मला माहीत नाही. मला काय ऐकू येतं सांगू? मी मुलांना एकच गोष्ट शिकवली. रोज शिकवली. कोणी पडो, कोणाची तार तुटो, दिवे जावोत, ठेका सोडायचा नाही. आवाज बंद पडला तरी ठेका बंद पडत नाही. आणि त्या दिवशी मी एक क्षण थांबलो, तर तिघंही गळपटली. एकालाही पुढे जाता आलं नाही. ती शांतता म्हणजे मी काही शिकवलं नाही, याचा पुरावा आहे. आणि त्याची हे लोक पाटी करतायत.”

डॉक्टरबाईंना यावर काहीतरी तिखट बोलायचं होतं. जन्मभर ती सोय त्यांच्या जिभेवर तयार असायची. पण या वेळी त्यांना ती रेकॉर्ड आठवली. हा माणूस ती रेकॉर्ड घरात कधीच का लावू देत नाही, लागलीच तर शांतता येताक्षणी उठून बंद का करतो, हे त्यांना आज इतक्या वर्षांनी कळत होतं. त्यांना आपला तो दाताचा संकोच वाटला होता. हा माणूस मात्र आपलं सगळं आयुष्य फुकट गेलं असं धरून चालला होता, आणि वर रोज सकाळी दाढी करून, डबा घेऊन, तळघरात शिकवायलाही जात होता. त्यांना त्याची मनापासून दया आली आणि त्याहून जास्त राग आला.

“यायचं,” त्या म्हणाल्या. “आणि सांगायचं असेल तर सांगायचं. पण तोंड पाडून सांगायचं नाही. दात नीट दिसले पाहिजेत. माझं काम आहे ते.”

समारंभाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत ज्यांना जॅझ कळत नव्हतं ते बसले होते, कारण ते महत्त्वाचे होते. कुलगुरूंनी भाषणात सांगितलं की त्यांना जॅझमधलं फारसं कळत नाही, पण शांततेचं मोल ते जाणतात, कारण ते रोज बैठका घेतात. त्यांनी सरांच्या प्रभावाचे चार पैलू सांगितले. तिसऱ्या पैलूच्या वेळी सरांच्या शेजारचे गृहस्थ झोपी गेले. मग विभागप्रमुख उठले. त्या मैफलीत पियानोवर तेच होते, आणि या एका गोष्टीवर त्यांनी आपली सगळी कारकीर्द उभी केली होती.

“त्या क्षणी,” विभागप्रमुख म्हणाले, “सरांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खूण केली. मी समजलो. मी थांबलो.”

प्रत्यक्षात त्या क्षणी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण उघड्या दाताला गार वारा लागला होता. डॉक्टरबाईंनी सरांच्या कोपराला हळूच धरलं. सर उठायच्या बेतात होते.

वादकांनी जागा घेतल्या. सॅक्सोफोनवर विभागाचा हल्लीचा सगळ्यात हुशार विद्यार्थी, ड्रम्सवर एक नवीन मुलगा, पियानोवर अर्थात विभागप्रमुख. बासवर मात्र मूळ मैफलीतलीच मुलगी होती. मुलगी म्हणजे आता केस पिकलेली वकील. पण सर तिला तेव्हा ‘शिडी’ म्हणायचे, कारण ती बासएवढीच उंच होती, आणि एकदा ठेवलेलं नाव कोर्टाकडून बदलून घेता येत नाही. वादीचा उलटतपास अर्धवट सोडून ती आली होती असं तिनेच डॉक्टरबाईंना दारात सांगितलं. मूळचा ड्रम्सवाला कुठेतरी समुद्रापलीकडे गेला होता आणि त्याने येता येत नसल्याचं कळवून एक मोठा पुष्पगुच्छ पाठवला होता. त्यामागे अर्धं स्टेज झाकलं गेलं होतं.

वाजवणं चांगलं होतं. डॉक्टरबाईंना जॅझमधलं कळत नाही असं त्या म्हणायच्या, पण इतकी वर्षं एका भिंतीपलीकडे राहून माणसाला कळू नये म्हटलं तरी कळतं. पोराने दात उचलले होते, ओठ बिचारे पांढरे पडले होते. सोलो चढत गेला, शिगेला पोहोचला, आणि थांबला. सगळे थांबले. पियानोवर विभागप्रमुखांनी एक लहानसा हिरवा दिवा बसवून घेतला होता. मूळ शांतता जेवढी होती तेवढाच वेळ झाला की तो लागणार, आणि मग सगळ्यांनी पुन्हा सुरू करायचं. सॅक्सोफोनवाला दिव्याकडे बघत होता. ड्रम्सवाला दिव्याकडे बघत होता. विभागप्रमुख दिव्याकडे अशा भक्तीने बघत होते, की दिव्यानेच लाजून लागावं.

“कोणी ऐकत नाहीये,” सर पुटपुटले. “वाट बघतायत.”

डॉक्टरबाईंचं लक्ष मात्र भलतीकडेच होतं. खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असलं की दाताच्या डॉक्टरने त्याच्या पायांकडे बघायचं असतं. तोंड खोटं बोलतं. दुखायला लागलं की पाय खरं सांगतात. ती खोड त्यांची सुटली नव्हती. तोंडं गप्प झाली तशी त्यांची नजर स्टेजवरच्या पायांकडे गेली. बाकी सगळे पाय खिळल्यासारखे होते. एकच पाय चालू होता. शिडीने डोळे मिटले होते आणि बासच्या आडून तिच्या काळ्या बुटाचं टोक वरखाली होत होतं, सावकाश, न चुकता. मग दिवा लागायच्या आधीच तिने एक खर्जाचा सूर वाजवला. दचकून दिवा मागाहून लागला. विभागप्रमुखांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने शोकसभेत शिट्टी मारली असावी.

मग सरांना बोलायला बोलावलं. सर माइकपाशी गेले, त्यांनी घसा साफ केला आणि सरळ सांगून टाकलं. दार, दात, टवका, कच्चं सिमेंट, जिभेवर आलेली कॅप, खिसा. “त्यात श्रद्धांजली नव्हती,” सर म्हणाले. “खूण नव्हती. तो दात होता.”

 मग पहिल्या रांगेत कुलगुरू हसले, आणि कुलगुरू हसले म्हटल्यावर मागे रांगांच्या रांगा हसल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढा नम्र माणूस, असं लोक एकमेकांना सांगू लागले. विभागप्रमुख डोळे पुसत माइकपाशी आले आणि म्हणाले, “सर असेच शिकवायचे. रूपकातून. पडलेला दात, रिकामी जागा, आणि तिथूनच येणारा नवा सूर.”

डॉक्टरबाईंना राहवेना. त्या जागेवरून उठल्या.

“रूपक वगैरे काही नाही,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “मी दाताची डॉक्टर आहे. ती कॅप मी बसवली होती.”

याला पहिल्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. एवढी वर्षं झाली तरी जोडी कशी एकमेकांना साथ देते, असं मागच्या बाई म्हणाल्या. सरांनी माइकवरून बायकोकडे पाहिलं, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांच्या कोपऱ्याला काहीतरी हललं. खरं सांगूनही सुटका होत नाही असं दिसल्यावर सर ‘आभारी आहे’ म्हणाले आणि खाली उतरले. पाटीवरचा पडदा ओढला गेला. शांतता कक्षाचं उद्घाटन एवढ्या गोंगाटात झालं, की फीत कापल्याचंही कोणाला कळलं नाही.

चहाच्या टेबलाशी सर एका कोपऱ्यात कप धरून उभे होते. सांगायचं ते सांगून झालं होतं आणि त्याने काडीचा फरक पडला नव्हता. शिडी गर्दी बाजूला सारत त्यांच्यापाशी आली. ती हसत नव्हती.

“सर, खरंच दात?”

“खरंच दात.”

“मॅडम?”

“तात्पुरती कॅप,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सिमेंटला मी दोष देणार नाही.”

“म्हणजे तुम्ही थांबणार नव्हतात,” शिडी म्हणाली. तिने कप खाली ठेवला. उलटतपासाला ती अशीच कप खाली ठेवत असणार. “तुम्ही ठरवून थांबला नाहीत. मग आम्ही का थांबलो?”

“गडबडलात म्हणून,” सर म्हणाले. “माझ्यामुळे गडबडलात. मी तुम्हाला कधी दोष दिला नाही.”

“मी गडबडले?” शिडीचा आवाज चढला. आसपासच्या दोघांनी वळून पाहिलं. “पियानोवाला गडबडला. तो नेहमीच गडबडायचा, आज दिवा घेऊन बसलाय बघा. पण मी आणि ड्रम्सवाला नाही. तुमचा श्वास मधेच तुटला, सर. तुमचा श्वास तसा कधी तुटत नाही, आम्ही रोज ऐकायचो. मला वाटलं, तुम्हाला झटकाच आला. मी हात उचलला. त्याने काठ्या उचलल्या. आवाज थांबवला आम्ही, कारण तुम्हाला काय झालंय ते ऐकायचं होतं. वाजवत राहिलो असतो तर काय डोंबल ऐकू आलं असतं? ठेका चालूच होता. माझ्या पायात होता, त्याच्या पायात होता. एकमेकांच्या पायांकडे बघत होतो. तुमचा श्वास परत आला, तो मला ऐकू आला, मग मी तुम्हाला जागा दाखवायला पहिला सूर दिला. तुम्ही त्याच्यावर आलात.”

“पहिला मी आलो,” सर म्हणाले.

“पहिली मी आले. तुम्ही रेकॉर्ड ऐकली नाहीत का?”

  एवढ्यात विभागप्रमुख कुलगुरूंना घेऊन आले आणि शिडीला म्हणाले की आज तिने शांतता थोडी लवकर मोडली, पण असो, भावना पोहोचल्या. शिडीने त्यांच्याकडे बघून फक्त मान हलवली. वकिलांना कुठे बोलायचं नाही ते बरोबर कळतं.

 घरी आल्यावर सरांनी बूटही काढले नाहीत. कपाटाच्या वरच्या फळीवर हात घालून चाचपायला लागले. काय शोधताय असं डॉक्टरबाईंनी विचारलं नाही. त्या स्टूल घेऊन आल्या, वर चढल्या, आणि मागच्या बाजूला, पुस्तकांच्या आड, सरांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनीच लपवलेली ती रेकॉर्ड काढून दिली.

सर टेबलापाशी बसले. टेबलावर प्लास्टरचा जबडा तसाच होता, विभागप्रमुख गेल्यापासून कोणी उचलला नव्हता. रेकॉर्ड सुरू झाली. सर ऐन उमेदीत वाजवत होते, चांगलंच वाजवत होते, असं डॉक्टरबाईंना वाटलं आणि त्यांनी ते सांगितलं नाही. सोलो चढला. सरांचा हात सवयीने बटणाकडे गेला. डॉक्टरबाईंनी त्या हातावर आपला हात ठेवला आणि तो टेबलावरच दाबून धरला.

शांतता आली.

सरांनी डोळे मिटले. डॉक्टरबाईंच्या तळव्याखाली त्यांची तर्जनी टेबलावर टकटक करू लागली. रेकॉर्डवर आवाज नव्हता, नुसती सभागृहाची गाज होती, कोणीतरी खोकलं, आणि खाली कुठेतरी, इतकं अंधुक की एरवी कोणाच्या लक्षातही येऊ नये, लाकडी स्टेजवर बूट आपटल्याचा आवाज येत होता. एकच नाही, दोन. सरांचं बोट त्यांच्या जोडीने चालत राहिलं. आणि मग बोट खाली आलं त्याच क्षणाला, तसूभरही इकडेतिकडे न होता, बासचा खर्जातला सूर आला. जॅझला सम नसते असं विभागप्रमुख म्हणाले असते. पण ती सम होती. तिच्यावर हात ठेवून सरांचा फाटका, दुखणारा, बिनदाताचा सूर आत आला.

सर रेकॉर्ड संपेपर्यंत तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे वाहत होते आणि या वेळी दाताला वारा लागला नव्हता.

“ऐकत होती,” ते म्हणाले. “अगं, पोरं ऐकत होती.”

“दोन,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिसऱ्याला विभागप्रमुख केला.”

“दोन,” सर म्हणाले. त्यांनी नाक पुसलं. “दोन पुष्कळ झाली.”

मग ते टेबलावरच्या जबड्याकडे बघू लागले. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं, आणि ते बाहेर पडायला त्यांना जन्म लागला होता, हे डॉक्टरबाईंना दिसत होतं.

“सिमेंट ठीक होतं,” सर म्हणाले. “मीच जोरात चावलो.”

डॉक्टरबाईंनी या वाक्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती, की त्यावर काय बोलायचं तेही त्यांनी कधीचंच ठरवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून त्या उठल्या आणि रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली.